झोप लागली तरी चालेल, पण मोबाइलवर नको: दुर्मिळ प्रयोगशील सिनेमे सांगलीत बसून कसे बघायचे

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मणी कौलचा 'उसकी रोटी' तू मोबाइलवर लावलास, पंचवीसेक मिनिटांत डोळा लागला, आणि मग जिथं तिथं लोक त्याला मास्टरपीस म्हणतात हे वाचून तुला वाटायला लागलं की आपल्यालाच काय कळत नाही. वर असले सिनेमे सांगलीत बसून मिळणार कुठं, आणि एवढी धडपड करावी असं त्यात असतंय तरी काय. मी इथं बरीच वर्षं फिल्म सोसायटीचं काम बघतोय, आधी सोळा एमएमचं प्रोजेक्टर स्वतः चालवायचो, आता लॅपटॉप आणि एचडीएमआयची वायर, काम तेच. उत्तर लांबणार आहे, एका बैठकीत नाय वाचलंस तरी चालेल.

झोपेचं आधी मिटवून टाकू. झोप लागणं हा गुन्हा नाही. आमच्याकडं पहिल्या रांगेत बसून घोरणारे सभासद आहेत आणि नंतर चर्चेत सगळ्यात बारीक गोष्टी तेच सांगतात, कसं ते देव जाणे. पण मोबाइल हा मात्र खरा घोटाळा आहे आणि 'उसकी रोटी'च्या बाबतीत तर फारच. हा सिनेमा १९७० चा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशातून झालेला, कॅमेरा के. के. महाजन यांचा. गोष्ट एवढीच की पंजाबातल्या एका गावाबाहेर बालो नावाची बाई रस्त्याकडंला नवऱ्याची रोटी घेऊन उभी राहते, नवरा बस ड्रायव्हर, तो येईल न येईल. कौलनं यात मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, एक २८ एमएमची आणि एक १३५ ची. २८ मध्ये जवळचं लांबचं सगळं स्वच्छ दिसतंय, १३५ मध्ये एकच पातळी धारदार आणि मागचं सगळं विरघळलेलं. सुरुवातीला एक लेन्स तिच्या प्रत्यक्ष वाट बघण्याला आणि दुसरी तिच्या मनातल्याला, अशी वाटणी, आणि पुढं तो ही वाटणी हळूहळू मोडत नेतो, मग बस खरंच आली का तिला ती आल्यासारखी वाटली हे तुझं तुलाच ठरवावं लागतंय. आता सांग, पाच-सहा इंचांच्या काचेवर या दोन लेन्समधला फरक दिसणार कसा? दोन्ही सारख्याच दिसणार, म्हणजे सिनेमाचा मुख्य धागाच तुझ्या हातात आला नाही, उरलं काय तर एक बाई बराच वेळ उभी आहे. त्यावर मलाही झोप आली असती.

आता 'कळलं नाही' याबद्दल. माझं म्हणणं असं, की या सिनेमांपुढं 'याचा अर्थ काय' हा प्रश्न पहिला नेऊन ठेवला की पुढचं सगळं अडतंय. तो प्रश्न वाईट नाही, पण त्याची पाळी नंतर. आधी आपण काय बघितलं ते धड सांगता आलं पाहिजे. आमच्याकडं एक रीत पडलीय, सिनेमा संपला, दिवे लागले की पहिली वीस मिनिटं अर्थाबद्दल कुणी बोलायचं नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, कशानंतर काय आलं, काय परत आलं आणि परत येताना काय बदललं होतं, एवढंच. 'दिग्दर्शकाला इथं असं सुचवायचंय की' असं कुणी सुरू केलं की बाकीचे हात वर करून थांबवतात, प्रोफेसर लोकांना याचा त्रास होतो पण सवय होतेय त्यांनाही.

एकदा आम्ही माया डेरेनचा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' लावला होता. १९४३ चा सिनेमा, चौदा मिनिटांचा, तिनं आणि तिचा नवरा अलेक्झांडर हामिद यांनी लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घरात केलेला, पैसा नाही, स्टुडिओ नाही. एक बाई घरी येते, खुर्चीत बसते, झोपते, आणि मग तीच बाई परत घरी येते, परत येते. संपल्यावर पाच मिनिटं सगळे गप्प. मग मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते, आमचे जुने सभासद, म्हणाले की जिना तोच आहे पण बाई प्रत्येक फेरीत वेगळ्या चालीनं चढते, एकदा साधी पळत, एकदा तरंगल्यासारखी संथ, एकदा तर जिनाच हलवल्यासारखी भिंतींवर आदळत. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, किल्ली बघा, आधी हातातनं पडते, पुढं तिच्या तोंडातनं निघते, आणि टेबलावर तिचीच सुरी होते. तिसऱ्यानं सांगितलं की सुरी आधी पावात होती, आम्ही ती बघून सोडून दिली होती. असं एकेक जमत गेलं आणि अर्ध्या तासात त्या खोलीत बसलेल्या लोकांनी, ज्यातल्या बहुतेकांनी डेरेनचं नावही आधी ऐकलेलं नव्हतं, त्या सिनेमाची सगळी बांधणी स्वतः उभी केली. अर्थावर मग भांडणं झाली, ती होऊ द्यायची असतात, पण ती भांडणं सिनेमात दिसलेल्या गोष्टींवरची होती, कुठल्या पुस्तकातल्या वाक्यावरची नव्हती. तुला कळत नाही हे तू ठरवायच्या आधी एक पान असं लिहून काढ, नुसतं वर्णन. बघ काय होतंय.

आणि आपल्या भागातल्या माणसाला संथ गोष्टीची भीती का वाटावी हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मिरज इथनं किती लांब आहे? अब्दुल करीम खाँसाहेब जिथं राहिले, उरुसात दर्ग्यात जिथं गवई हजेरी लावायला येतात, त्या गावातली साधी माणसं विलंबित ख्याल तासभर ऐकतात आणि कुणी म्हणत नाही की राग पुढं का सरकत नाही, कारण त्यांना माहीत असतंय की तोच स्वर परत लागला तरी मागच्या वेळचा नसतोय, तिकडं लक्ष ठेवायचं असतंय. तेच कान थोडे डोळ्याकडं वळवायचे. ही ओढूनताणून आणलेली गोष्ट पण नाही बरं का. कौल स्वतः उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडं ध्रुपद शिकला, त्यांच्यावर आणि फरीदुद्दीन डागरांवर त्यानं 'ध्रुपद' नावाचा माहितीपट केला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यात शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरनं, इमारतींवरनं बराच वेळ फिरत राहतो आणि मागं गाणं चालू असतंय. नुसता तेवढा भाग बघितलास तरी 'उसकी रोटी'कडं बघायची नजर बदलेल. कुमार शहानी, कौलबरोबरचाच, दोघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शक ऋत्विक घटकांचे विद्यार्थी, त्यानं १९८९ मध्ये 'खयाल गाथा' केला, तो मला स्वतःला जरा जड जातो, दृश्यं सुंदर पण संदर्भ इतके ठासून भरलेत की दम लागतोय. मास्टरपीस आहे असं म्हणणारे माझे मित्र आहेत, मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

सुरुवात कुठनं करायची म्हणशील तर लांब सिनेमांपासून मुळीच नको. लोक काय करतात, कुठल्यातरी यादीत नाव बघून अँडी वॉरहॉलचा 'एम्पायर' शोधायला निघतात, आठ तास एक बिल्डिंग, आणि मग म्हणतात हे सगळं फालतू आहे. अरे, ज्यानं कधी चार मिनिटांचा प्रयोग धड बघितला नाही त्यानं आठ तासांचा कशाला बघायचा. छोट्यापासून सुरू कर, आणि त्यातही आपल्या घरच्यापासून.

घरचा म्हणजे फिल्म्स डिव्हिजन. हसू नको. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाली आणि देशातल्या प्रत्येक थिएटरला मुख्य सिनेमाच्या आधी मंजूर केलेली न्यूजरील किंवा माहितीपट दाखवणं कायद्यानं बंधनकारक होतं. आमच्या लहानपणी लोक मुद्दाम उशिरा आत शिरायचे, 'ते सरकारी संपू दे' म्हणून बाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे. त्या सरकारी डब्यात धरणं असायची, कुटुंब नियोजन असायचं, खतं असायची, पण साठच्या दशकाच्या मध्यावर जाँ भावनगरी तिथं आले आणि त्यांनी काही लोकांना मोकळं सोडलं, मग त्याच डब्यातनं असं काही यायला लागलं की जगात कुठंही दाखवावं. प्रमोद पती हे त्यातलं मोठं नाव. हा माणूस चेकोस्लोव्हाकियात जाऊन पपेट अ‍ॅनिमेशन शिकून आला होता. त्याचा 'एक्सप्लोरर' १९६८ चा, सातेक मिनिटांचा, निवेदन नाही, गोष्ट नाही, नाचणारी तरुण पोरं, पूजाअर्चा, प्रयोगशाळा, चेहरे, सगळं इतक्या वेगानं कापलेलं की पहिल्यांदा बघताना डोळे मिटावेसे वाटतात, आणि आवाजाचंही तसंच. 'ट्रिप' १९७० चा, चारेक मिनिटं, टाइम-लॅप्समध्ये धावणारी मुंबई. 'आबिद' १९७२ चा, चित्रकार आबिद सुरती एका खोलीत, खोली रंगवतोय, स्वतः रंगतोय, माणसालाच एक-एक फ्रेमनं हलवून अ‍ॅनिमेशन केलेलं. आणि गंमत म्हणजे याच माणसानं कुटुंब नियोजनाचा प्रचारपट 'क्लॅक्सप्लोजन' पण असाच केला. सरकारी पैसा, सरकारी विषय, आणि हाताळणी अशी! पती चाळिशीतच गेला, १९७५ मध्ये. राहिला असता तर काय केलं असतं याचा विचार मी फार करत नाही, जे आहे तेच लोकांनी बघितलेलं नाही.

एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' बघच, १९६७ चा, देशाबरोबर १९४७ साली जन्मलेली पोरं विसाव्या वर्षी काय बोलतात, तुझ्याच वयाची. हा तसा मुलाखतींचा सिनेमा आहे पण कटिंग बघ, एकाच्या वाक्याला दुसऱ्याचं वाक्य कसं टाचणी लावतंय. मग त्यांचाच 'अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स', १९६८ चा, सरकारी नोकरीत सिनेमे बनवणारा माणूस स्वतःच्या धंद्याकडं बघतोय.

तिथंच एम. एफ. हुसेन, आपल्या पंढरपुरात जन्मलेले, त्यांनी १९६७ मध्ये 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. राजस्थानात फिरून, छत्री, कंदील, जोडा, वाघ, गाय, असल्या वस्तू आणि जनावरं वाळवंटात, किल्ल्यात, रस्त्यावर, एकापुढं एक, शब्द नाहीत. त्याला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचं सोन्याचं अस्वल, म्हणजे गोल्डन बेअर, मिळालं. हा सिनेमा वर्णन करायच्या सवयीला सगळ्यात चांगला, कारण छत्री दिसली की माणूस लगेच 'छत्री म्हणजे काय' असं विचारायला लागतो आणि तिथंच त्याला थांबवायचं असतंय. छत्री कुठं आहे, कुणाच्या शेजारी आहे, उघडी का मिटलेली, ते सांग. आणि चित्रकार तैयब मेहतांचा 'कूडल', १९७० चा, वांद्र्याच्या कत्तलखान्यात शूट केलेला भाग त्यात आहे, तो बघताना पोटात गोळा येतो, घरच्यांबरोबर लावू नकोस. पण मेहतांच्या चित्रांत तो कोसळणारा बैल कुठनं आला असेल याचा अंदाज तिथं येतो.

परदेशातले सिनेमे बघताना थोडं तांत्रिक भान पाहिजे, आणि हेच कुणी सांगत नाही. स्टॅन ब्रॅकेजचा 'मॉथलाइट' घे, १९६३, जेमतेम चार मिनिटं. कॅमेराच वापरलेला नाही. दिव्यापाशी मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांत दाबून ती पट्टीच फिल्म म्हणून छापली. आता ही पट्टी प्रोजेक्टरमधनं जाते तेव्हा प्रत्येक फ्रेम दुसऱ्यापेक्षा वेगळी, सेकंदाला चोवीस वेगळी चित्रं. स्वस्तातल्या व्हिडिओ फाइलला हे झेपत नाही, तिची सगळी हुशारी दोन फ्रेममध्ये काय सारखं आहे ते शोधून जागा वाचवण्यात असते, इथं सारखं काहीच नाही, मग पंखांच्या जागी चौकोनी ठिपके दिसतात आणि माणूस म्हणतो यात काय आहे. म्हणून फ्लिकरचे, म्हणजे लखलखत्या फ्रेमचे, आणि कॅमेऱ्याशिवायचे सिनेमे मिळेल त्यातल्या सगळ्यात जड फाइलवर बघ, नाहीतर थांब. ब्रॅकेजचे बहुतेक सिनेमे मूक आहेत, मुद्दाम मूक, त्यामागं कुणीतरी पियानो चिकटवलेली कॉपी असते, ती आवाज बंद करून बघ. 'मेशेस'चं पण असंच, मूळ सिनेमा मूक होता, त्याचं संगीत तेइजी इतोनं १९५९ मध्ये दिलं, ते डेरेनच्या संमतीचं आहे, पण एकदा बिनआवाजाचा आणि एकदा आवाजासकट असे दोन्ही बघितलेस तर संगीतानं सिनेमा किती बांधून टाकलाय ते समजेल.

घरच्या टीव्हीचं एक. यातले बरेच सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीतले आहेत, आजचा टीव्ही आडवा, मग घरातलं कुणीतरी 'काळ्या पट्ट्या कशाला' म्हणून चित्र ताणून ठेवतं आणि सगळी माणसं बुटकी आणि रुंद. ते आधी सेटिंगमध्ये जाऊन नीट कर. मोशन स्मूदिंग नावाचा जो प्रकार नव्या टीव्हीत असतो तो पण बंद कर, तो मधल्या फ्रेम स्वतःच्या मनानं बनवतो, म्हणजे प्रमोद पतीच्या सिनेमात टीव्हीनं स्वतःची भर घातली असं होतं. आणि टोनी कॉनराडचा 'द फ्लिकर', १९६६ चा, काळ्या-पांढऱ्या फ्रेमचा नुसता लखलखाट, तो ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे त्यांच्यासमोर अजिबात लावायचा नाही, सिनेमाच्या सुरुवातीलाच तशी सूचना आहे आणि ती गंमत म्हणून नाही.

आता दुर्मिळपणाचं. याबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुर्मिळ आहे म्हणून भारी, असं काही नसतं. काही लोकांना सिनेमापेक्षा 'मी बघितलाय, तू नाही' याचीच चव असते, पुण्या-मुंबईकडं असले लई भेटतात, आपल्याकडं पण दोन-तीन आहेत. सिनेमा दुर्मिळ का झाला हे मात्र विचारायला पाहिजे कारण त्यातनं बरंच कळतंय. कधी प्रतच उरत नाही. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ च्या सुमाराला 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' केला, त्याची एकच प्रिंट होती, ती हरवली, संपलं. पुढं २०१६ मध्ये अशीम अहलुवालियानं म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीवरनं त्याच नावाचा सिनेमा केला, तोच आता आपल्या हातात. त्यांचा दुसरा 'सिझिजी' मात्र टिकला, नुसत्या रेघा आणि आकृत्यांचं अ‍ॅनिमेशन, आवाज नाही. कधी प्रत असते पण लोकांपुढं येत नाही. कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा, एनएफडीसीचा, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा, बर्लिनला दाखवला गेला आणि आपल्याकडं थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये! मधली पंचवीस वर्षं कॉपीची कॉपी काढलेल्या व्हीएचएस फिरत होत्या, रंग उडालेले, आवाज घोगरा, आणि पोरांना त्यातले डायलॉग पाठ.

आणि तिसरा प्रकार मला सगळ्यात लागतो तो 'घाशीराम कोतवाल'चा. नाटक नाही, सिनेमा. १९७६, युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह नावाच्या तरुण पोरांच्या गटानं केलेला, के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा असे चौघं दिग्दर्शक, तेंडुलकरांचं लेखन, ओम पुरीचा पहिला सिनेमा, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. भाषा मराठी. एवढं सगळं असून महाराष्ट्रात तो बघितलेला माणूस शोधावा लागतो, आणि त्याची प्रत टिकली कुठं, तर बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत, तिथंच तो डिजिटल झाला. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, जिथं नाटकाचा अभिमान उठता बसता सांगितला जातो, तिथल्या नाटकवाल्यांना पण मी हा सिनेमा आहे असं सांगितलं की ते म्हणतात, छे, असा काही सिनेमा नाही. तो निर्दोष आहे असं नाही, नाटकातली ती माणसांची भिंत आणि तिचा ठेका आठवत बसशील तर निराश होशील, कारण सिनेमा इतिहासाकडं वळतो, कॅमेरा लांबनं बघत राहतो. पण नाटक बघितलेल्या मराठी माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही, तोच मजकूर, काही नट पण तेच, आणि तरी किती वेगळी गोष्ट होते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतंय.

मिळणार कुठं ते सांगतो. फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत विलीन झालीय, पण तिचं बरंच यूट्यूबवर फुकट आहे, सिनेमाचं नाव आणि साल टाकून शोध. भारतीय सिनेमांसाठी इंडियनसिने.एमए ही साइट आहे, तिथं शॉटवर टिपणं जोडलेली सापडतात. परदेशी प्रयोगांसाठी उबूवेब, १९९६ पासूनची, कॉपी बऱ्याचदा वाईट असतात आणि ती मंडळी ते उघड सांगतात, ओळख करून घ्यायला ठीक, बघितला म्हणायला नाही. मुबी या स्ट्रीमिंग साइटवर अधनंमधनं काहीतरी येतं. पण खरं सांगायचं तर तू पुण्याला जा. कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलं की पुणं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथं आहे, १९६४ पासूनचं, पी. के. नायर यांनी आयुष्य घालून उभं केलेलं. एके काळी तिथल्या प्रिंट सोळा एमएमच्या डब्यात घालून आमच्यासारख्या सोसायट्यांना मिळायच्या, आम्ही एसटीच्या टपावरनं आणायचो. त्यांची लायब्ररी आहे, स्क्रीनिंग असतात, आणि इन्स्टिट्यूटबरोबर मिळून फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स घेतात, तो जमला तर कर. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. मुंबईला दोन वर्षांतनं एकदा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा मिफ असतो, तिथं जुनं असं काही ना काही लावतातच.

जे बघशील त्याची नोंद ठेव. कुठली कॉपी, किती मिनिटांची, कुठं बघितली, सबटायटल होती का. या सिनेमांच्या वेगवेगळ्या लांबीच्या कॉपी फिरतात आणि दोघं जण तासभर भांडतात, नंतर कळतं दोघांनी वेगळंच बघितलंय. आमच्या सोसायटीची जुनी पत्रकं, कार्यक्रमपत्रिका २०१९ च्या पुरात गेली, कुठल्या साली काय दाखवलं हे आता आम्हालाच तोंडी आठवावं लागतंय. फोनवर ठेव, पण दुसरीकडं पण एक प्रत ठेव.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, की यातलं खरं कुठलं आणि नुसता आव कुठला, हे ओळखायचं कसं. रास्त प्रश्न आहे, कारण या प्रकारात आव आणणारे भरपूर आहेत, फेस्टिवलला गेलास की कळेल, हलता कॅमेरा, घुमणारा आवाज, एक जुनी भिंत, झाला प्रयोग. मी एकच बघतो. सिनेमा पहिल्या काही मिनिटांत स्वतःचा नियम शिकवतोय का, आणि मग त्या नियमाचं पुढं काय करतोय. हॉलिस फ्रॅम्प्टनचा 'झॉर्न्स लेमा' आहे १९७० चा, तासाभराचा. त्याच्या मोठ्या मधल्या भागात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचे शब्द, पाट्या, बोर्ड, वर्णक्रमानं, प्रत्येक अक्षराला एक सेकंद, चोवीस अक्षरांची बाराखडी (इंग्रजीचीच, पण आय-जे आणि यू-व्ही एकेक धरलेली) संपली की परत पहिल्यापासनं वेगळे शब्द. पाच-सहा फेऱ्यांत डोळ्याला ठेका समजतो. मग एकदम एका अक्षराच्या जागी शब्दच नाही, नुसतं चित्र, जाळ. पुढच्या फेरीत त्या जागी परत जाळ. मग दुसरं अक्षर जातं, तिसरं जातं, आणि तू आपोआप कुठलं अक्षर कधी जाणार याची वाट बघायला लागतोस, जागा पाठ होतात, शेवटी एकही शब्द उरत नाही आणि तरी तू सगळी बाराखडी चित्रांत वाचत असतोस. कुणी काही समजावलं नाही, सिनेमानंच शिकवलं. याच्या उलट ज्या सिनेमातले शॉट पत्त्यांसारखे पिसून परत लावले तरी काही बिघडणार नाही, तो सोडून उठायला हरकत नाही. मी उठतो. अर्ध्यातनं उठून जाणं हा पण बघण्याचाच भाग आहे, फक्त दार हळू लाव.

हे अंगात मुरवायचं असेल तर एक कर, हरभट रोडवरनं मारुती रोडला आणि तिथनं गणपती पेठेत चालत जा आणि फोनवर पाट्या शूट कर, क पासनं ज्ञ पर्यंत, प्रत्येक अक्षराची एक पाटी, प्रत्येकी एक सेकंद. ण आणि ळ ला अडशील, अडल्यावर काय करायचं ते तुझं तू ठरव. एवढ्यानं एडिटिंगबद्दल जे कळेल ते माझ्या या सगळ्या लिहिण्यानं नाही कळायचं.

आणि एकटा बघू नकोस, चार-पाच जण जमव. खोली पूर्ण अंधारी पाहिजे, खिडक्यांना जाड चादरी लाव, पांढरी चादर पडद्याला चालते पण इस्त्री करून ताणून बांध, स्पीकर लॅपटॉपचे नकोत, वेगळे आण. आधी भाषण देऊ नकोस, नाव, साल, किती मिनिटं, बास. पहिल्या संध्याकाळी 'ट्रिप' लाव, मग 'मेशेस', मग 'मॉथलाइट' लागोपाठ दोनदा, मग हुसेनचा. सगळं मिळून पाऊण तास. 'मॉथलाइट' मूक आहे, त्या वेळी पंखा बंद करायचा, उकडलं तरी, नाहीतर सगळे पंख्याचा आवाज ऐकत बसतात. मोबाइल एका डब्यात. लांब सिनेमे, 'उसकी रोटी' धरून, चौथ्या-पाचव्या वेळेला काढ, त्याआधी नको, आणि तेव्हा प्रोजेक्टर मिळत नसला तर मला सांग, सोसायटीचा जुना एक आहे, दिव्याचे तास कमी उरलेत पण दीड-दोन तासांच्या सिनेमाला पुरतो.